विश्रांत मेंदूचें कार्य आणि शास्त्रज्ञांच्या परिषदा



दीर्घ दुखण्यांतून उठलेल्या माणसास डॉक्टर सांगतात कीं, "आतां कांहीं दिवस डोक्याला विश्रांति द्या." सल्ला हिताचा आहे, परंतु तो अक्षरशः पाळूं म्हटलें तर कोणासहि पाळतां येणार नाहीं. आपण आरामखुर्चीवर डोळे मिटून पडलों, वर्तमानपत्र बाजूस ठेविलें, कोणाशीं एक शब्दहि बोललों नाहीं, तरी मेंदूचें काम थांबत नाहीं. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या सुमारें पन्नासावा भाग. पण स्वस्थ बसलेलें शरीर जी शक्ति खर्च करितें तिचा जवळजवळ पांचवा वांटा हा एकटा मेंदू घेतो. एखादें अवघड गणित सोडवावयास बसलें म्हणजे हा खर्च पुष्कळ वाढत असेल असें आपणांस वाटतें. १९५५ सालीं अमेरिकेंत लुई सोकोलॉफ व त्यांचे सहकारी यांनीं तो मोजून पाहिला. तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाच्या मेंदूस जेवढा प्राणवायु लागला, तेवढाच तो स्वस्थ पडून असतांहि लागला होता! मग काम नसतांना हा मेंदू एवढा खर्च कशावर करितो? या प्रश्नाच्या शोधांतून जी एक नवी शाखा निघाली, आणि त्या शाखेंतील खरें-खोटें ज्या परिषदांमधून निवडलें जातें, त्यांविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें.

या कथेचा आरंभ जर्मनींतील येना या गांवीं होतो. तेथें हान्स बेर्गर नांवाचे मनोविकारांचे एक डॉक्टर होते. १९२४ सालीं त्यांनीं माणसाच्या मेंदूंतून निघणारे अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह प्रथम टिपले. मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला म्हणजे सेकंदास सुमारें दहा या वेगानें लाटा उमटत. त्यानें डोळे उघडले कीं त्या लोपत. म्हणजे विश्रांतीच्या स्थितींतच मेंदूची हालचाल अधिक ठळक दिसली. (त्याच १९२४ सालीं आपल्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधामाची स्थापना करून योगाभ्यास प्रयोगशाळेच्या कसोटीला लावण्याचा उपक्रम आरंभिला. हा निव्वळ योगायोग. तरी मन स्थिर करून बसणाऱ्यांच्या देशांत तो लक्षांत राहण्यासारखा आहे.) बेर्गर यांनीं आपला शोध १९२९ सालीं प्रसिद्ध केला, पण त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवीना. या लाटा स्नायूंच्या किंवा डोळ्यांच्या असतील, यंत्राचा दोष असेल, अशा शंका निघाल्या.

या शंका कोठें मिटल्या तें पाहण्यासारखें आहे. १९३४ च्या मे महिन्यांत केंब्रिज येथें शरीरव्यापारशास्त्रज्ञांची एक सभा भरली. तींत नोबेल पारितोषिकाचे मानकरी एड्रियन हे स्वतः, डोक्याला तारा लावून, सभासदांसमोर बसले. डोळे मिटले, लाटा आल्या. डोळे उघडले, लाटा गेल्या. एड्रियन व त्यांचे सहकारी मॅथ्यूज हे दोघेहि आरंभीं बेर्गर यांच्याविषयीं साशंकच होते, हें येथें विसरूं नये. शंकेखोर माणसानेंच भरसभेंत साक्ष दिली म्हणून ती साक्ष टिकली.

विजेच्या लाटांवरून हालचाल केव्हां झाली तें नीट कळतें. ती मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागांत झाली तें कळणें कठीण. तें दाखविणारें साधन पुढें रक्तांत सापडलें. आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारें जें हीमोग्लोबिन, तें प्राणवायु वाहून नेतें. लायनस पॉलिंग व चार्ल्स कॉरिएल यांनीं १९३६ सालीं दाखविलें कीं, प्राणवायु घेतलेलें हीमोग्लोबिन आणि प्राणवायु सोडलेलें हीमोग्लोबिन यांचें चुंबकाशीं वागणें भिन्न असतें. ही गोष्ट पुढें जवळजवळ पन्नास वर्षें रसायनशास्त्राच्या पुस्तकांतच राहिली. १९९० सालीं सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत उंदरांच्या मेंदूचीं चुंबकीय चित्रें घेतांना तिचा उपयोग केला, आणि १९९२ पर्यंत माणसांवरील प्रयोगहि प्रसिद्ध झाले. मेंदूचा जो भाग कामास लागतो त्याकडे ताज्या रक्ताचा ओघ गरजेहून अधिक धांवतो. त्यामुळें तेथील चुंबकीय खूण किंचित् बदलते. हीच खूण एम्.आर्.आय्. यंत्र टिपतें. तें बोगद्यासारखें यंत्र आपणांपैकीं पुष्कळांनीं रुग्णालयांत पाहिलें असेल. त्यांतील चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहूनहि प्रबळ असतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रांत मेंदूच्या करड्या आकृतीवर तांबडे-पिवळे ठिपके असलेलीं जीं चित्रें छापतात, तीं छायाचित्रें नव्हत. यंत्र विचार पाहत नाहीं, मज्जापेशींची वीज पाहत नाहीं; तें रक्तांतील प्राणवायूचा फरक, तोहि चार-सहा सेकंद उशिरां, पाहतें. त्या फरकावर मोठें गणित करून मग रंग भरले जातात. चित्र हें गणिताचें उत्तर आहे. आणि गणित म्हटलें कीं चूक संभवते.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. १९९५ सालापर्यंत या यंत्रांत झोंपविलेल्या माणसास कांहींतरी काम सांगण्याची पद्धति होती. बोटें हलवा, चित्र पाहा, शब्द जुळवा. काम करीत असतां घेतलेल्या चित्रांतून विश्रांतीचीं चित्रें वजा करावयाचीं आणि जें उरेल तें त्या कामाचें, असा हिशेब. विश्रांतीच्या वेळचे जे चढउतार दिसत ते निरर्थक खळखळ समजून टाकून देत. मिलवॉकी येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील भरत बिस्वाल हे तरुण संशोधक ही टाकून दिलेली खळखळच तपासूं लागले. त्यांनीं प्रथम बोटें हलवावयास सांगून मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंचीं हस्तचालक केंद्रें निश्चित केलीं. मग त्याच माणसांना कांहींहि न करतां पडून राहावयास सांगितलें. तेव्हां असें आढळलें कीं, डाव्या केंद्रांतील रक्ताचा संथ चढउतार आणि उजव्या केंद्रांतील चढउतार एकमेकांशीं ताल धरून चालतात. हात निश्चल; पण हात चालविणारीं दोन्ही ठाणीं जणूं एकमेकांना साद घालीत आहेत.

आपल्या विदर्भांतील विहिरींचा दृष्टांत घेतला म्हणजे हें चटकन् ध्यानांत येईल. दोन शेतांतील दोन विहिरींचें पाणी वर्षभर रोज मोजलें आणि एकीचें चढतांना दुसरीचें चढतें, एकीचें उतरतांना दुसरीचें उतरतें, असें दिसलें, तर जमिनीखालीं दोहोंना एकच झरा आहे असा तर्क आपण करतों. मेंदूंतील जे भाग विश्रांतींत एका तालानें चढतात-उतरतात त्यांचा आंतून संबंध आहे, हा तर्क त्याच जातीचा. या तर्कानें पुढें दृष्टीचें, श्रवणाचें, लक्ष देण्याचें अशीं निरनिराळीं जाळीं सांपडत गेलीं. सेंट लुई येथील मार्कस रेक्ल यांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, मेंदूचे कांहीं भाग असे आहेत कीं, ते बाहेरचें काम लागतांच मंदावतात आणि काम संपलें कीं पुन्हां उचल घेतात. आठवणी, उद्यांचे बेत, स्वतःविषयींचे विचार यांशीं त्या भागांचा निकट संबंध दिसतो. रिकाम्या मनाची धांव कोठें असते त्याचा हा एक मागोवाच म्हणावयाचा.

परंतु विहिरींचा दृष्टांत येथेंच सोडूं नये. दोन विहिरी एकदम चढल्या याचें कारण एक झरा हेंच असेल असें नाहीं. दोन्ही शेतांवर एकच पाऊस पडला असेल! मेंदूच्या बाबतींत असा पाऊस कोणता? श्वास, नाडी आणि डोक्याची हालचाल. विश्रांतींतील हे चढउतार फार संथ, दहा सेकंदांत एकाहूनहि कमी. नाडी तर मिनिटास सत्तर. तेव्हां दोहोंचा घोटाळा कसा व्हावा, असें कोणी विचारील. बोलपटांत रथ भरधांव जात असतां त्याचीं चाकें हळूहळू, कधीं उलटींहि, फिरतांना आपण पाहिलीं आहेत. चित्रें ठराविक अंतरानें घेतलेलीं असल्यामुळें जलद गति संथ भासते. संपूर्ण मेंदूचें चित्र दोन-दोन सेकंदांनीं घेतलें तर नाडीची जलद गतीहि तशीच संथ लाटेचें सोंग घेऊन चित्रांत शिरते. बिस्वाल यांनीं स्वतः आपलीं चित्रें पुष्कळ जलद घेऊन ही अडचण टाळली होती. पण मागून आलेल्या सर्वांनाच तें साधलें नाहीं, आणि कित्येक वर्षें या शोधाकडे पाहणारे अनेकजण, हा सारा श्वासाचा व नाडीचा खेळ आहे, असें म्हणत राहिले.

अशा स्थितींत परिषदांचें महत्त्व कळून येतें. मानवी मेंदूच्या कार्याचे नकाशे काढणाऱ्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९९५ सालींच पॅरिस येथें भरली, आणि तेव्हांपासून ती प्रतिवर्षीं भरत आली आहे. पुढें केवळ विश्रांत मेंदू व त्यांतील संबंध यांनाच वाहिलेली स्वतंत्र परिषद २००८ सालीं जर्मनींत माग्डेबुर्ग येथें झाली. दुसरी २०१० सालीं मिलवॉकी येथें, म्हणजे जेथें या विद्येचा जन्म झाला त्याच गांवीं. या परिषदांतील व्यासपीठावरचीं भाषणें मला तितकीं महत्त्वाचीं वाटत नाहींत. खरा कस लागतो तो फलकांच्या दालनांत. मोठ्या दालनांत शेंकडों फलक मांडलेले असतात. प्रत्येक फलकावर कोणा एकाचें वर्षा-दोन वर्षांचें काम चिकटविलेलें असतें आणि तो संशोधक स्वतः त्यापुढें उभा असतो. येणाराजाणारा कोणीहि, मग तो नामांकित प्राध्यापक असो कीं कालचा विद्यार्थी, थांबून विचारूं शकतो: "हें तुम्हीं कशावरून म्हणतां? श्वास मोजला होता काय?" आपल्या जुन्या पंडितसभांत पूर्वपक्ष मांडून झाल्यावांचून सिद्धांताला मान मिळत नसे, तीच ही रीति.

२००९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या परिषदेंत असा एक फलक लागला कीं, त्याची आठवण आजहि निघते. क्रेग बेनेट व त्यांचे सहकारी यांनीं एक सॅल्मन मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचीं छायाचित्रें दाखविलीं, आणि चित्रांतील मनुष्य कोणत्या भावनेंत आहे हें ओळखण्याची त्यास रीतसर आज्ञा केली. मासा बाजारांतून आणलेला, मेलेला होता. तरीहि नेहमींचें सैल गणित लावतांच त्याच्या मेंदूंत तांबडे ठिपके उमटले! हें कसें घडलें? हजार माणसांनीं प्रत्येकीं दहा वेळां रुपया उडविला तर एखाद्याचा दहाहि वेळां छापा पडावा, यांत नवल नाहीं. मेंदूच्या चित्राचे हजारों बारीक चौकोन करून प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा घेतली म्हणजे कांहीं चौकोन केवळ दैवयोगानें उत्तीर्ण होतात. बहुसंख्य परीक्षांबद्दलची दुरुस्ती गणितांत केली तेव्हां ठिपके नाहींसे झाले. लोक हंसले खरे; पण हंसतां हंसतां अनेकांनीं घरीं जाऊन आपलें गणित पुन्हां तपासलें असेल.

याहूनहि मला मोठा वाटतो तो २०१२ सालचा प्रसंग. सेंट लुई येथील संशोधकांनींच पूर्वीं असें प्रतिपादिलें होतें कीं, लहान मुलांच्या मेंदूंत जवळजवळच्या भागांचे संबंध बळकट असतात, आणि वय वाढतें तसे दूरदूरचे संबंध बळकट होत जातात. कल्पना सुंदर होती, आणि ती सर्वत्र उद्धृत होऊं लागली होती. पुढें जोनाथन पॉवर व त्यांच्याच गटांतील इतरांना आढळलें कीं, यंत्रांत पडलेल्या माणसाचें डोकें एका मिलिमीटरहूनहि कमी हललें तरी जवळचे संबंध खोटेच वाढतात आणि दूरचे खोटेच घटतात. आणि यंत्रांत सर्वांत अधिक चुळबूळ कोण करणार? लहान मुलें! त्या सुंदर सिद्धांताचा बराच भाग मुलांच्या चुळबुळीचा होता, हें त्यांनीं स्वतःच्या नांवानें छापलें. आणखी दोन निरनिराळे गट त्याच सुमारास याच निष्कर्षावर आले होते.

२०१६ सालीं स्वीडनमधील आंडर्स एकलुंड यांनीं तर गणिताचीं प्रचलित साधनेंच तपासून घेतलीं. त्यासाठीं त्यांना ४९९ निरोगी माणसांचीं विश्रांतींतील चित्रें हवीं होतीं, आणि तीं फुकट मिळालीं. कारण बिस्वाल व इतर अनेकांनीं २०१० सालीं ३५ केंद्रांतील १,४१४ माणसांची सामग्री जगास खुली करून ठेविली होती. परीक्षेंत असें निघालें कीं, जेथें शंभरांत पांच चुका अपेक्षित, तेथें कांहीं पद्धतींत सत्तरपर्यंत चुका होऊं शकतात. सामग्री कुलपांत राहिली असती तर ही चूक कोणी आणि केव्हां काढली असती?

हा सर्व विद्वानांचा आपसांतला वाद, त्याचें आम्हां सामान्यांस काय, असें कोणी म्हणेल. त्यास मी पुण्याचें उदाहरण देईन. मेंदूच्या विजेच्या लाटांवरून आरोपीला गुन्ह्याचा अनुभव आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक परीक्षा आपल्या देशांत निघाली होती. २००८ च्या जून महिन्यांत पुण्याच्या एका न्यायालयानें खुनाच्या खटल्यांत दोषी ठरवितांना इतर पुराव्याबरोबर या परीक्षेचाहि आधार घेतला. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाहीं. परंतु ज्या परीक्षेची छाननी जगांतल्या शास्त्रज्ञांच्या सभेंत पुरती झाली नव्हती, ती माणसाच्या जन्मठेपेच्या प्रश्नांत साक्षीदार म्हणून उभी राहिली, ही गोष्ट साधी नव्हे. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत निर्णय दिला कीं, अशा परीक्षा कोणावरहि त्याच्या संमतीवांचून करतां येणार नाहींत. फलकापुढें उभा राहून कोणी "श्वास मोजला होता काय?" असें विचारतो, त्या प्रश्नाची किंमत येथें कळते.

रुग्णालयांतहि हीच सावधगिरी हवी. विश्रांत मेंदूच्या चित्रांचा खरा उपयोग आज मेंदूवरील शस्त्रक्रियेपूर्वीं होऊं लागला आहे. लहान मूल किंवा गुंगींतील रोगी सांगितलेलें काम करूं शकत नाहीं; पण नुसता पडून राहिला तरी हात चालविणारें किंवा भाषेचें जाळें कोठून गेलें आहे याचा अंदाज येतो, आणि शस्त्रवैद्यास तेवढा भाग जपतां येतो. याउलट, एका माणसाच्या अशा एका चित्रावरून त्याला अमुक मनोविकार आहे असें निदान करतां येत नाहीं. शेंकडों माणसांच्या सरासरींत दिसणारा फरक एकट्याच्या चित्रांत शोधणें धोक्याचें आहे. तसें निदान कोणी पैसे घेऊन देऊं केलें तर न घेतलेलें बरें.

आतां आपल्या नागपूरविषयीं. शास्त्रज्ञांच्या मेळाव्यांचें हें शहर जुनें यजमान आहे. भारतीय विज्ञान परिषदेचें अधिवेशन १९२० सालीं येथें प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखालीं झालें. पुन्हां १९३१ सालीं झालें. आणि महायुद्ध संपत आलें असतां १९४५ सालीं शांतिस्वरूप भटनागर हे अध्यक्ष म्हणून येथें आले. १९७४ सालीं पुन्हां एकदां, आणि विद्यापीठाच्या शताब्दिवर्षांत, ३ ते ७ जानेवारी २०२३ या दिवसांत, पांचव्यांदां. अशा मोठ्या अधिवेशनांचा उपयोग मी नाकारीत नाहीं; शाळेंतील मुलें प्रदर्शन पाहून जातात, शास्त्राविषयीं आदर वाढतो. पण यात्रेच्या गर्दींत वाद होत नाहीं. ज्या परिषदांचें वर्णन मीं केलें त्या लहान, एकाच विषयाच्या आणि जराशा भांडखोर असतात. तशांची आपल्याकडे अधिक गरज आहे.

आणि या विशिष्ट विषयांत नागपूरला विचारण्यासारखा स्वतःचा प्रश्नहि आहे. हीं सर्व चित्रें हीमोग्लोबिनच्या चुंबकीय गुणावर उभीं आहेत, हें मीं मघाशीं सांगितलें. तेंच हीमोग्लोबिन विदर्भांतील अनेक जातीजमातींच्या पुष्कळ लोकांत निराळें असतें. सिकलसेलचा दोष मध्य भारतांत आहे, हें नागपूर येथील डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनीं १९५८ सालींच 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत कळविलें होतें. आणि गंमत अशी कीं, हा रोग हीमोग्लोबिनच्या रेणूंतील विकृतीमुळें होतो हें १९४९ सालीं ज्यांनीं दाखविलें, ते तेच लायनस पॉलिंग! ज्याला हा रोग आहे त्याचें रक्त पातळ. म्हणून मेंदूकडे रक्ताचा ओघ मुळांतच मोठा असतो, आणि काम लागल्यावर त्यांत वाढ होण्यास अवसर कमी उरतो. त्यांच्यापैकीं कित्येकांस लहान वयांतच पक्षाघाताचें भय असतें, तर कित्येकांच्या मेंदूंत बाहेरून न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात. म्हणजे ज्यांच्या मेंदूची चौकशी विशेष व्हावी, असेच हे रोगी. पण विश्रांत मेंदूचे जे सर्वमान्य नकाशे आज वापरतात ते मुख्यतः युरोप, अमेरिका व चीन येथील निरोगी माणसांवरून काढलेले आहेत. ती मोजपट्टी गडचिरोलींतील सिकलसेलच्या मुलाला जशीच्या तशी लावली, तर दिसलेला फरक त्याच्या मेंदूंतील संबंधांचा कीं नुसत्या रक्ताचा, हें कसें ओळखावें? पुन्हां तोच झऱ्याचा आणि पावसाचा प्रश्न.

हा प्रश्न मांडण्यास कोणत्याहि परदेशी परिषदेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. विदर्भांत चुंबकीय यंत्रें आहेत, सिकलसेलचे दवाखाने आहेत, मज्जासंस्थेचे नामांकित डॉक्टर आहेत. ज्या रोग्याचें विश्रांतींतील चित्र घ्यावयाचें, त्याच्या बोटांतून त्याच दिवशीं रक्ताचा एक थेंब घेऊन हीमोग्लोबिनचा प्रकार व प्रमाण चित्राच्या कागदावर लिहून ठेवावें, एवढ्यानेंहि कामास सुरुवात होईल.